दहा पक्षी, पाचच्या आत

चिमणी : बाबा, तुम्ही परत बोललात.

बाबा : मी? छे! मी तर श्वाससुद्धा रोखून धरला होता.

चिमणी : "इकडे बघा, छान हसा" म्हणालात. मी तुमच्या शेजारीच उभी होते.

बाबा : मनातल्या मनात म्हणालो असेन.

आत्या : अरे बापू, मी गाडीत बसलेय, काच वर आहे, तरी मला ऐकू आलं. मी हसलेसुद्धा. तो पाणकावळा मात्र हसला नाही. उडाला.

बाबा : ताई, तू मध्ये पडू नकोस. फोटो आलाय. बघ चिमणे, किती स्वच्छ आलाय.

चिमणी : पाणी स्वच्छ आलंय. हे तरंग दिसतायत ना, तिथे दोन सेकंदांपूर्वी पक्षी होता.

बाबा : तरंग सुरेख आलेत पण.

चिमणी : तळ्याच्या ऑफिसात तरंग दाखवू? सकाळी नोकरीचा अर्ज वाचून दाखवला होता ना तुम्हाला? "दहा जातींचे पाणपक्षी, एकाच दिवसात, फोटोसह, संध्याकाळी पाचच्या आत." तरंग ही पक्ष्याची जात नाही, बाबा.

आत्या : झाले किती एकूण?

चिमणी : सहा. आणि सव्वा वाजून गेलाय.

आत्या : मग बसा गाडीत. पट्टे लावा. बापू, पट्टा.

बाबा : लावतो गं. कॅमेरा तरी मांडीवर नीट घेऊ दे.

आत्या : पट्टा लागल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, एकाला सूट दिली नाही. पाठच्या भावाला कशाला देऊ?

चिमणी : लागला, आत्या. चल ना.

आत्या : आरसा. इंडिकेटर. मागे कोणी नाही. एकदा खांद्यावरून बघायचं. आणि आता निघायचं.

चिमणी : काटा तिसाच्या वर गेला तर स्फोट होतो का गं? मघाशी एका सायकलवाल्याने आपल्याला मागे टाकलं आणि वर थांबून विचारलं, गाडी बिघडलीय का म्हणून.

आत्या : सज्जन माणूस. वळताना हात दाखवला त्याने.

चिमणी : आणि टिटवी? ती तुझ्या हॉर्नने गेली.

आत्या : वळणावर हॉर्न द्यायचाच असतो.

चिमणी : रस्ता रिकामा होता!

आत्या : रस्ता रिकामाच असतो, समोरून कोणीतरी येईपर्यंत.

बाबा : बघ. म्हणजे सगळे माझ्याच तोंडाने जातात असं नाही.

चिमणी : चार गेले. तीन तुमच्या नावावर, एक आत्याच्या. माझा हात प्लास्टरमध्ये नसता ना, तर तुम्हा दोघांना घरी ठेवून मी बसने आले असते.

बाबा : हात काय मी मोडला?

चिमणी : तुमच्या स्टुडिओतला पडदा लावताना मोडला. कुठला पडदा माहितीये, आत्या? तळं, दोन हंस आणि मागे डोंगर. ते रंगवलेलं तळं दांडीसकट माझ्या अंगावर आलं. आणि आता खरं तळं समोर आहे, तर मला बटण दाबता येत नाही.

बाबा : त्या हंसांसमोर मी चाळीस वर्षं बोलतोय. एकदाही उडाले नाहीत.

आत्या : जित्याची खोड!

बाबा : खोड काय म्हणतेस, ताई? नवरा-नवरी घाबरलेले असतात. कुणाचा तरी काका रुसलेला असतो. सासू भलतीकडेच बघत असते. "इकडे बघा, छान हसा" म्हटलं की क्षणभर सगळी माणसं एका घरातली वाटतात. तेवढ्यात दाबायचं. आता बोट बटणावर गेलं की तोंड आपोआप सुरू होतं, त्याला मी काय करू?

चिमणी : सकाळी बदकांच्या थव्याला काय म्हणालात, आठवतंय?

बाबा : नाही.

चिमणी : "मागच्या रांगेतले जरा पुढे या."

बाबा : अगं, तोंडं झाकली जात होती त्यांची.

चिमणी : आत्या, थांब! थांब, थांब! डावीकडे उथळ पाण्यात शेकाट्या आहे.

आत्या : पुलाजवळ गाडी थांबवायची नसते.

चिमणी : आत्या, प्लीज!

आत्या : पुढे शंभर पावलांवर मोकळी जागा आहे, तिथे थांबते. तोवर त्याला म्हणावं दम धर.

चिमणी : बाबा, हळू उतरा. दार आपटू नका. आणि हा रुमाल तोंडाला बांधा.

बाबा : मी काय दरोडा घालायला चाललोय?

चिमणी : बांधा म्हणते ना.

बाबा : म्म्म.

चिमणी : हां. आता जरा खाली वाका. काढा. आला? अय्या, आला! दाखवा, दाखवा. बाबा, हे काय?

बाबा : शेकाट्या. तूच म्हणालीस.

चिमणी : पाय कुठेत त्याचे?

बाबा : खांद्यापर्यंत घेतलाय. अर्जाला जोडायचा फोटो आहे ना?

चिमणी : पासपोर्ट नाही काढायचा त्याचा! त्याची सगळी ओळख पायांत आहे. ते बघा ना, कसे लांब लाल काड्यांसारखे आहेत. पाय कापले तर त्या ऑफिसातल्या बाई म्हणतील, असेल कुठलातरी काळा-पांढरा पक्षी.

बाबा : मग "पूर्ण उभा" असं आधी सांगायचं. गिऱ्हाईक आधी सांगतं.

चिमणी : पूर्ण उभा. दोन्ही पायांसकट. पाण्यातली सावली नको.

बाबा : असं स्पष्ट सांगितलं की कसं बरं वाटतं. म्म्म. घे, हा तुझा शेकाट्या. नखांपर्यंत.

आत्या : सात झाले. बसा. पट्टे.

चिमणी : आत्या, ही अंडी सोलून देतेस का? एका हाताने जमत नाहीये.

आत्या : गाडी चालवताना नाही. थांबल्यावर.

चिमणी : मग लवकरच थांबावं लागणार. तो बघ तारेवर खंड्या. निळा, जाड चोचीचा. बाबा, रुमाल!

बाबा : बांधलाय, बांधलाय. घे. आला. हा तर गिऱ्हाइकासारखा ताठ बसला होता. याला काही सांगावंच लागलं नाही.

चिमणी : आठ! बाबा, आठ झाले! आता दोनच.

बाबा : दोनच राहिले?

चिमणी : दोनच. अंडं खा तुम्ही. मीठ त्या पुडीत आहे.

बाबा : आणि दहा झाले की ती जागा तुलाच?

चिमणी : बहुतेक. अर्ज दोघींचेच आहेत. दुसरीचे परवा दिवसभरात सहाच झाले म्हणे.

बाबा : म्हणजे पहिल्या तारखेपासून तू इथे.

चिमणी : इथे. रोज उजाडताना तळ्यावर जायचं आणि पक्षी मोजायचे. त्याचा पगार देतात, बाबा! मला अजून खरं वाटत नाही.

बाबा : स्टुडिओतलं कॉम्प्युटरचं काम मग कोण बघणार?

चिमणी : आई शिकतेय की.

बाबा : तुझ्या आईने परवा एका नवरदेवाचं नाक पुसलं.

चिमणी : अख्खं?

बाबा : शेंडा. डाग समजून.

आत्या : त्याची बायको खूश झाली असेल.

बाबा : हसू नका दोघी. मला ते मशीन कळत नाही. मला माणसं कळतात.

चिमणी : श्श! हलू नका कुणी. त्या लव्हाळ्याच्या पुढे बघा. पांढरा, मोठा. चोच बघा त्याची, टोकाला चपटी. चमच्या आहे तो! बाबा, चमच्या! मी आजवर फक्त पुस्तकात बघितलाय. उठा. हळू. हळू!

बाबा : दिसला. मान सरळ आहे. उजेड बरोबर गालावर आलाय.

चिमणी : काढा.

बाबा : थांब जरा.

चिमणी : काढा ना, बाबा!

बाबा : इकडे बघा, छान हसा!

आत्या : गेला.

चिमणी : रुमाल कुठेय?

बाबा : अं?

चिमणी : तुमचा रुमाल. तोंडावर नाहीये.

बाबा : चष्म्यावर वाफ येत होती गं.

चिमणी : खंड्याच्या वेळी नाही आली. तेव्हा रुमाल होता. आता घडी करून खिशात ठेवलाय. कोपऱ्याला कोपरा लावून घडी केलीय, बाबा. घाईत काढलेला रुमाल असा असतो?

आत्या : बापू?

बाबा : काय बापू? चुकलं एखाद्या वेळी.

चिमणी : माझ्याकडे बघून सांगा.

बाबा : पहिले तीन गेले ते सवयीने. तुझी शपथ. हा... बोट बटणावर होतं. तो अगदी समोर होता. आणि मनात आलं, हा नववा. आणखी एक झाला की चिमणी इथे आणि मी तिथे. मग तोंडातून गेलं ते.

चिमणी : रुमाल मात्र आधीच काढून ठेवला होतात.

बाबा : हो.

चिमणी : चमच्या होता तो, बाबा.

बाबा : हो.

चिमणी : तुम्हाला नको होतं तर घरीच सांगायचं. सहा तास प्रवास करून इथे येऊन, माझ्याच कामात खोडा घालायचा?

बाबा : घरी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. अर्ज फाडून टाकला असतास आणि पुन्हा कधी विषय काढला नसतास. मला ते बघवलं नसतं.

चिमणी : आणि हे बघवतं?

बाबा : हेही नाही बघवत. मला कुठलंच बघवत नाही, म्हणून तर हे असं झालं.

चिमणी : नऊ वर्षं मी त्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या गालांवरचे फोड पुसतेय. कुणाचं टक्कल भरतेय. कुणाचं पोट आत घेतेय. मी कधी कुरकुर केली? एकदा तरी?

बाबा : नाही केलीस. मला वाटलं तुला आवडतं.

चिमणी : मला तुमच्याबरोबर बसायला आवडतं. पोटं आत घ्यायला नाही आवडत.

आत्या : झालं का दोघांचं बोलून? आता मी सांगते ते ऐका, आणि पट्टे लावता लावता ऐका, कारण तीन चाळीस झालेत. बापू, शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो, ठाऊक आहे ना? शिकणारा चुकला तर मी दाबायचा.

बाबा : ठाऊक आहे.

आत्या : एक बाई होती. चांगली चालवायची. मला मात्र सारखं वाटायचं, आता ठोकेल, मग ठोकेल. एकदा तिने झकास वळण घेतलं आणि मी उगाचच ब्रेक दाबला. मागचा टेम्पो येऊन आपटला आमच्यावर. तिची काही चूक नव्हती. पोलिसांसमोर मी मान खाली घालून उभी होते. तुला हे कधी सांगितलं नाही मी.

बाबा : तू म्हणाली होतीस, टेम्पोवाला प्यायलेला होता.

आत्या : टेम्पोवाला शुद्धीत होता. अजूनही कुणाशेजारी बसले की माझा पाय खाली दाबला जातो. दाबू दे. तिथे नुसती सतरंजी असते, गाडीला काही होत नाही. तुला दाबायचंय तर असं दाब, बापू. पक्षी उडवू नकोस.

चिमणी : आत्या, गाडी काढ.

आत्या : आरसा. इंडिकेटर.

चिमणी : बाबा, रडताय का?

बाबा : मीठ गेलं डोळ्यात. अंड्याचं.

चिमणी : रुमाल देऊ माझा?

बाबा : नको. माझा आहे. घडी केलेला.

आत्या : उजवीकडे काहीतरी पळतंय काठाने. काळं, लाल चोचीचं. शेपटी उडवतंय.

चिमणी : पाणकोंबडी! आत्या, तू पक्षी ओळखायला लागलीस!

आत्या : ओळखलं नाही, रस्त्यावर येईल म्हणून लक्ष ठेवलं. थांबवते. पुढे मोकळं आहे.

चिमणी : बाबा?

बाबा : बांधला रुमाल. म्म्म. घे, पूर्ण उभी. पायांसकट.

चिमणी : नऊ. चार वाजून दहा.

आत्या : आता कोण राहिलं?

चिमणी : कोणीही चालेल, नवा हवा. बगळे झालेत, बदक झालंय, धोबी पक्षी झालाय. ती बघा, तिथे पाण्यात टिबुकली! छोटी, तपकिरी. ती सारखी बुडी मारते आणि कुठूनतरी भलतीकडेच वर येते. बाबा, ती वर आली की जेमतेम तीन-चार सेकंद मिळतात.

बाबा : बुडाली.

चिमणी : थांबायचं. डावीकडे येईल.

बाबा : उजवीकडे आली. गेली पण.

चिमणी : मग आता डावीकडे.

आत्या : चार पंचवीस.

बाबा : ताई, वेळ सांगू नकोस, माझं लक्ष उडतं. चिमणे, हा रुमाल सोड मागून. खरंच वाफ येतेय आता. नाही, तशी बघू नकोस माझ्याकडे. मला दिसत नाहीये ती, खरंच. सोड. मी बोलणार नाही.

चिमणी : नक्की?

बाबा : सोड.

(टिबुकली चार वेळा बुडते, चार वेळा वर येते. पाचव्या वेळी कॅमेऱ्याचा एकच बारीक आवाज होतो.)

आत्या : बापू, आता बोललास तरी चालेल.

चिमणी : बाबा? आला का? सांगा ना!

बाबा : आला. बघ. डोक्यावर पाण्याचा थेंबसुद्धा आलाय.

चिमणी : दहा! आत्या, दहा! आई गं, माझा हात! मिठी नका मारू, बाबा, प्लास्टर आहे!

आत्या : चार चव्वेचाळीस. ऑफिस किती लांब?

चिमणी : दहा किलोमीटर.

आत्या : तिसाने वीस मिनिटं लागतील.

बाबा : ताई.

आत्या : कळतंय मला. पट्टे लावा. आरसा... मरू दे आरसा!

चिमणी : आत्या, चाळीस झाले.

आत्या : सांगू नकोस. मी काट्याकडे बघत नाहीये.

बाबा : पन्नास झाले गं ताई! तो बघ सायकलवाला, मघाचाच! हात कर त्याला!

आत्या : स्टिअरिंगवरून हात काढायचा नसतो. तू कर. आणि हॉर्न दे म्हणून सांगा मला, वळण आलंय!

चिमणी : दे, आत्या! आता खुशाल दे!

आत्या : हे बघ फाटक. दोन मिनिटं राहिलीत. उतर. पळ. पडू नकोस. कार्ड घेतलंस का?

चिमणी : घेतलं!

आत्या : गेली आत. छप्पन्न होता काटा, बापू. शेवटी बघितला मी.

बाबा : कुणाला सांगणार नाही.

आत्या : तू काय ठरवलंयस? ती हो म्हणत बाहेर आली तर काय करणार आहेस?

बाबा : हसणार. चाळीस वर्षं लोकांना सांगतोय, मला एकदा जमायला नको?

आत्या : आणि नंतर? घरी गेल्यावर?

बाबा : घरी गेल्यावर स्टुडिओ उघडायचा. तिच्या खुर्चीवर तुझी भावजय बसेल आणि लोकांची नाकं पुसेल. मला वाईट वाटणारच आहे, ताई. खूप वाटणार आहे. पण मघाशी ती टिबुकली दिसल्यावर चिमणीचं तोंड बघितलंस का तू?

आत्या : मी रस्ता बघत होते.

बाबा : मी बघितलं. तसं तोंड मी स्टुडिओत कधी पाहिलं नाही.

आत्या : आली बघ. चालण्यावरून काही कळत नाही.

चिमणी : दहाच्या दहा घेतले!

आत्या : आणि जागा?

चिमणी : पहिल्या तारखेला ये म्हणाल्या. बाबा, त्या बाईंनी विचारलं फोटो कोणी काढले म्हणून. सकाळचे सहा पाहून चष्मा पुसला त्यांनी. म्हणाल्या, अठरा वर्षं फोटो बघतेय, पण एवढे पक्षी असे नाकासमोर थेट कॅमेऱ्यात बघताना पाहिले नाहीत.

बाबा : त्यांच्याशी बोलावं लागतं, हे सांगितलंस का?

चिमणी : नाही सांगितलं. मला नोकरी टिकवायचीय.

आत्या : राहायचं कुठे?

चिमणी : ऑफिसच्या मागे खोली आहे, ती दाखवली त्यांनी. लहान आहे. एक कॉट, एक टेबल आणि एक खिडकी.

बाबा : खिडकी कुठल्या बाजूला आहे?

चिमणी : पूर्वेला. तळ्याकडे.

बाबा : मग टेबल खिडकीकडे तोंड करून ठेव. पाठ करून बसलीस तर चेहऱ्यावर काळोख येतो.

चिमणी : इथे माझा चेहरा बघायला कोण येणार आहे, बाबा?

बाबा : मी येणार आहे.